किती वजन ते नको, किती चालता ते सांगा

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या धाकटीचा साखरपुडा बेळगावात झाला. निपाणीकडचे सगळे आले, आत्या तेवढी आली नाही. निरोप आला, "म्हस व्यायला आलीया, घर सोडून कसं येऊ?" म्हैस गाभण होती हे खरे. पण ती व्यायला अजून दोन महिने होते, हे भावाने मला नंतर सांगितले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याने सोडल्यावर ती माहेरी आली ती कायमची. मी सात वर्षांची असताना आई गेली आणि आत्याच माझी आई झाली. निपाणी भागातल्या हजारो बायकांसारखी ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी भिजवलेला पाला आणि कात्री. सकाळी स्वयंपाक आवरून जी बसायची ती दिवे लागेपर्यंत. अशी पस्तीस वर्षे. माझी टी.सी.एच.ची फी त्या बिड्यांतून गेली. आज मी शाळेत शिकवते, पगार घेते, त्याच्या मुळाशी आत्याची ती मांडी आहे.

माझे सासर बेळगावचे, कन्नड बोलणारे. कन्नडमध्ये आत्या आणि सासू दोघींना एकच शब्द, अत्ती. लग्नानंतर बरीच वर्षे आमच्या घरी "कोणती अत्ती?" हा विनोद चालायचा. साखरपुड्याच्या रात्री पाहुणे पांगल्यावर सासूबाईच मला म्हणाल्या, "निन्न अत्तिगि एनो आगेद, नोडकोंड बा." तुझ्या आत्याला काहीतरी झाले आहे, बघून ये. मला जे कळायला हवे होते ते त्यांना आधी कळले.

पुढच्या रविवारी मी निघाले. बेळगाव ते निपाणी जेमतेम पाऊणशे किलोमीटर. संकेश्वर मागे पडले, तवंदीचा घाट उतरला, आणि मनात हिशेब केला तर आत्याला समोर बघून दीड वर्ष झाले होते. फोन होत होते, पण फोनवर माणूस दिसत नाही.

आत्या उंबऱ्याजवळ खाटेवर बसली होती. उठली नाही. अंग खूपच सुटले होते. डाव्या पायाला फडके गुंडाळलेले. साखरेमुळे जखम चिघळली आणि मागच्या पावसाळ्यात अंगठा काढावा लागला, हे तिने मला कळू दिले नव्हते. दोन्ही गुडघे वाकत नव्हते. भावाने प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून तिच्यासाठी संडासात ठेवली होती. ती खुर्ची बघितली आणि माझ्याच्याने बोलवेना.

"बेळगावला का आली नाहीस?" मी खूप वेळाने विचारले. तेव्हा ती बोलली. २०२३ च्या जून महिन्यात कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत झाला, तेव्हा तीही हौसेने निघाली होती. बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. एक हात दांडीला, एक पाय पायरीवर, आणि अंग काही वर जाईना. मागे रांग. कोणीतरी म्हणाले, "एका तिकिटात दोघी चालल्यात." लोक हसले. आत्या खाली उतरली ती घरीच गेली.

"तिकीट फुकट झालं गं पोरी," ती म्हणाली, "पायरी काय खाली आली न्हाई."

शंभर किलोचा पगार

आपल्याकडे पेन्शनला पगारच म्हणतात. विधवा पगार, म्हातारपणाचा पगार, अंगविकल पगार. गावातल्या एकाने आत्याला सांगितले होते की शंभर किलोच्या वर वजन असेल तर अंगविकल पगार सुरू होतो. वजनाचा दाखला काढायचा, बाकी सगळे मी बघतो. आत्याचे वजन एकशे चार. तिने त्याला दोन हजार रुपये देऊनही टाकले होते. वर तो सांगून गेला होता, "वजन कमी करू नका हं, मावशी, काम होईपर्यंत." साखरेच्या माणसाला हा सल्ला!

मी बेळगावात परत आल्यावर ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "बाई, वजनाला टक्के नसतात. वजनाने जे मोडले त्याला टक्के असतात." हे एक वाक्य नीट समजून घ्यायला मला महिना लागला. तेच आज लिहिते आहे, कारण आत्यासारखी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

कायदा काय म्हणतो

१९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. चालण्या-फिरण्याचे अपंगत्व, अंधत्व, कमी दृष्टी, बहिरेपण, मतिमंदत्व, मानसिक आजार, पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्यातील पीडित अशी ती यादी आहे. त्या यादीत लठ्ठपणा नाही. साखर नाही, रक्तदाब नाही, हृदयविकार नाही. यादीत आणखी प्रकार घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण लठ्ठपणा अजून तरी त्यात आलेला नाही.

बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. हे टक्के माणसाचे नसतात, त्या माणसाच्या पायाचे, डोळ्याचे किंवा कानाचे असतात. म्हणून वजनाचा दाखला घेऊन गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो आणि गुडघ्याचा एक्स-रे घेऊन गेलेला निदान तपासला जातो. साखरेने पाय कापावा लागला तर ते चालण्या-फिरण्याचे अपंगत्व. साखरेने डोळ्याचा पडदा खराब झाला आणि चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याने पुरेसे दिसत नसेल तर ते कमी दृष्टीचे. रक्तदाब वाढून लकवा मारला आणि एक बाजू गेली तर तेही मोजले जाते. आजार एकच असला तरी रकाना वेगळा.

टक्केवारीचा हिशेबही सरळ बेरजेचा नाही. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पायाचा अंगठा गेला तर १० टक्के, सगळी बोटे गेली तर २०, पाय मध्यापर्यंत गेला तर ४० असे धरले जाई. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि उभे राहण्याचा तोल हे वेगळे मोजतात. दोन दोष असतील तर एका सूत्राने ते एकत्र करतात. मोठा आकडा ३० आणि लहान २० असेल तर त्याचे ५० होत नाहीत, ४३ च्या आसपास येतात. शाळेत गणित शिकवणारी मी, मलाही ते दोनदा करून बघावे लागले. पण यातून एक कळले. आत्या अंगठ्याचेच कागद घेऊन गेली असती तर दहावरच अडकली असती. गुडघे सांगितले नाहीत तर ते मोजणार कोण?

जगातही हाच वाद

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात कार्स्टन काल्टोफ्ट नावाचे गृहस्थ नगरपालिकेतर्फे लहान मुले सांभाळायचे. २०१० मध्ये त्यांची नोकरी गेली. वजनामुळेच काढले असे त्यांचे म्हणणे. खटला युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की लठ्ठपणा हे आपोआप अपंगत्व होत नाही. पण त्यामुळे माणसाला दीर्घकाळ इतरांच्या बरोबरीने काम करता येत नसेल तर ते अपंगत्व होऊ शकते. अमेरिकेत तर लठ्ठपणा अपंगत्वाच्या सरकारी यादीत होता. १९९९ मध्ये तो काढला. आता तिथेही लठ्ठपणामुळे सांधे, हृदय आणि श्वास यांवर एकत्रित काय परिणाम झाला ते बघतात.

जानेवारी २०२५ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगाने लठ्ठपणाचे दोन भाग केले. नुसती चरबी जास्त, पण अवयव नीट चालतात, तो एक. चरबीमुळे अवयव बिघडले किंवा अंघोळ, कपडे, चालणे ही रोजची कामे होईनाशी झाली, तो दुसरा, आणि तो आजारच समजावा असे आयोगाने म्हटले. म्हणजे तिथेही काट्यापेक्षा रोजच्या जगण्याकडे बघा, असेच सांगणे आहे.

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात साखरेचे १० कोटींहून अधिक रुग्ण आणि लठ्ठपणा असलेले सुमारे २५ कोटी लोक असल्याचा अंदाज आहे. ही सगळी खाऊन-पिऊन सुस्त झालेली माणसे नाहीत. आत्याच्या ताटात काय होते? रेशनचा भात, आमटी, आणि बिड्या वळताना झोप येऊ नये म्हणून दिवसातून सात-आठ वेळा गोड चहा. आणि बैठक अशी की पाय पसरायलाही सवड नाही.

"बरी हाय की मी"

अर्ज युडीआयडी कार्डाच्या संकेतस्थळावर करायचा असतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. गावातल्या पंचायतीशी जोडलेले पुनर्वसन कार्यकर्ते असतात, स्वतः दिव्यांग असलेले. आमच्या गावच्या कार्यकर्त्याने एक पैसा न घेता अर्ज भरून दिला. आधी दोन हजार घेणाऱ्याला तर आत्याच्या अंगठ्याची गोष्टही माहीत नव्हती.

तपासणीच्या दिवशी गाडी करून आत्याला सरकारी दवाखान्यात नेले. बाहेर नर्सबाईंनी विचारले, "तूक एष्टु, अज्जी?" वजन किती? आत्याने मान खाली घातली. आत तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारले, "एष्टु दूर नडीतीरि?" किती लांब चालता?

आत्याला कन्नड समजते. ती ताठ बसली आणि म्हणाली, "चालते की. बरी हाय की मी. सगळं करते घरातलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. गेली दोन वर्षे उंबरा न ओलांडलेली बाई परक्या माणसापुढे धडधाकट असल्याचे सांगत होती. खोटे बोलून पगार मिळवतात असे आपण ऐकतो. खोटे बोलून तो घालवणारी माणसे किती असतील? लठ्ठ माणसाला आयुष्यभर एकच ऐकवलेले असते, की हे तुझेच आळसाचे फळ. मग त्याला 'होत नाही' म्हणायची लाज वाटते. 'होत नाही' म्हटले की ऐकणारा 'करत नाही' असे ऐकतो.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांनीच मराठीत विचारले, "आजी, काम काय करत होता?"

"बिड्या."

"मग बिड्या वळायला बसतात तशा खाली बसून दाखवता?"

आत्या गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बसले तर उठायची न्हाई, साहेब. दोघं लागतील उठवायला." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मग तिने सगळे सांगितले. खुर्चीचे, पायरीचे, रात्री कूस बदलताना होणाऱ्या कळांचे. डॉक्टरांनी गुडघे किती वाकतात ते मोजले, पायांची ताकद बघितली, तोल बघितला, एक्स-रे बघितले.

दाखला आला तो ४६ टक्क्यांचा, तात्पुरता, पाच वर्षांचा. तात्पुरता का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यांवर उपचार होऊ शकतो, म्हणून. आणि वजन उतरलं तरी फरक पडतो. एक किलो कमी झालं तर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोनं उतरतो." दाखल्यासाठी वजन राखून ठेवायला सांगणारा गावातला तो माणूस मला आठवला.

ज्यांना मिळाला नाही त्यांचे काय

त्याच दिवशी बाकावर आमच्या शेजारी एक अक्का होत्या, गोकाककडच्या. वजन आत्यापेक्षा जास्त. चार पावले चालल्या की धाप लागायची. रात्री झोपेत श्वास अडकायचा, हृदयाच्या गोळ्या चालू. त्यांना दाखला मिळाला नाही. पाय वाकत होते, डोळे ठीक होते. धाप आणि हृदय यांना यादीत रकाना नाही. "नन्न उसिरु एल्लि बरीतार?" असे त्या विचारत होत्या. माझा श्वास कुठे लिहिणार? या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि आज कायद्याकडेही नाही. कायद्याच्या व्याख्येत इतरांच्या बरोबरीने वावरता न येणे असे शब्द आहेत. अक्कांना वावरता येत नव्हते. पण टक्के यादीवरून मोजतात. ही त्रुटी आहे आणि ती बोलून दाखवायला हवी.

मात्र नकार आला म्हणजे सगळे संपले असेही नाही. नकाराची कारणे लेखी मागता येतात. निर्णय चुकीचा वाटला तर कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येते. तब्येत पुढे बिघडली तर पुन्हा तपासणीही मागता येते.

सीमेवरच्या घरांसाठी

आपल्याकडे एक भाऊ निपाणीत तर दुसरा कागलला अशी घरे पुष्कळ. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. युडीआयडी कार्ड देशभर चालते. ४० टक्क्यांच्या खाली पांढरे, ४० पासून ८० च्या आत पिवळे, ८० आणि वर निळे. पगार मात्र ज्या राज्याचे तुम्ही रहिवासी त्याच राज्याचा. कर्नाटकात अंगविकल वेतनाचा अर्ज नाडकचेरीत द्यायचा. ४० ते ७५ टक्के आणि ७५ च्या वर असे त्याचे दोन टप्पे आहेत. सीमेपलीकडे संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करतात. दोन्हीकडे उत्पन्नाचा दाखला लागतो. ज्यांना आधीच विधवा वेतन किंवा संध्या सुरक्षा मिळते त्यांना हा दुसरा पगार मिळत नाही, पण कार्ड काढून ठेवावे. व्हीलचेअर, कुबड्या अशी साधने आणि बसचा सवलतीचा पास त्यावर मिळतो.

तपासणीला जाताना जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्या. ऑपरेशनचा कागद, एक्स-रे, डोळ्याचा रिपोर्ट, साखरेची वही. आणि घरातले कोणी तरी सोबत जा. आत्यासारखी माणसे एकटी गेली तर "बरी हाय" म्हणून परत येतात.

आत्याचे पिवळे कार्ड आले तेव्हा मी गावीच होते. पगारही पुढे सुरू झाला. रक्कम मोठी नाही, औषधांतच संपते. पण गोळ्यांसाठी भावाकडे हात पसरावा लागत नाही, आणि कारणे सांगत घरात बसायचेही तिने सोडले आहे. गोड चहा दोनवर आला आहे, अंगणात काठी घेऊन रोज चार फेऱ्या होतात. धाकटीच्या लग्नाला ती बेळगावला आली, गाडीतून. मांडवात सासूबाईंनी पहिल्या रांगेत आपल्या शेजारी उंच खुर्ची ठेवली होती. दोन्ही अत्त्या शेजारी शेजारी बसल्या, एक कन्नडमध्ये बोलत होती, दुसरी मराठीत, आणि दोघींचे बरे चालले होते.

कार्ड आले त्या दिवशी आत्याने ते उलटसुलट करून बघितले. म्हणाली, "काय लिवलंय वाचून दाव."

मी वाचले. नाव, गाव, टक्के, आणि चालण्या-फिरण्याचे अपंगत्व.

"म्हंजी लठ्ठ असं कुटं लिवलं न्हाई?"

"नाही गं, आत्या. कुठेच नाही."

तिने ते कार्ड पदराने पुसले आणि पूर्वी बिड्यांचा हिशेब ठेवायची त्या डब्यात ठेवून दिले.